आधी मालमत्ता तोला, मग कर्ज : भाड्याच्या उत्पन्नासाठी पहिली जागा घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

भाड्याच्या उत्पन्नासाठी पहिली मालमत्ता घेऊ पाहणारा माणूस बहुतेक वेळा बँकेपासून सुरुवात करतो. आपल्या पगारावर किती कर्ज मिळेल हे तो विचारतो, त्या आकड्यात आपली शिल्लक मिळवतो आणि त्या बेरजेत बसणारी जागा शोधू लागतो. राहते घर घेताना हा क्रम एक वेळ चालून जातो, कारण तिथे हप्ता पगारातूनच जायचा असतो. गुंतवणुकीच्या मालमत्तेत मात्र याच क्रमाने बरेच जण फसतात. पगारदाराला कर्ज देताना बँक मुख्यतः कर्जदाराची परतफेडीची ताकद आणि तारणाची किंमत तपासते. ती जागा त्या कर्जाचा भार स्वतःच्या उत्पन्नावर पेलू शकेल का, हे तपासण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच राहते.

म्हणून इथे मालमत्तेचा निर्णय आणि कर्जाचा निर्णय वेगळे ठेवले आहेत. आधी ती जागा जणू पूर्ण रोखीने घेत आहोत असे समजून तिचा हिशेब करायचा, आणि त्या हिशेबात ती तग धरत असेल तरच कर्ज तिला उपकारक ठरते की मारक, हे पाहायचे. प्रत्येक देशाचे कर, शुल्के आणि भाडेकरूविषयक कायदे वेगळे असतात, त्यामुळे ते आपापल्या ठिकाणी तपासावे लागतील; हिशेबाची रीत मात्र सगळीकडे सारखीच लागू पडते.

पहिली पायरी : पैसा किती आणि किती काळासाठी

जागा पाहायला जाण्यापूर्वी दोन आकडे कागदावर हवेत. पहिला, पुढची काही वर्षे हात लावण्याची गरज पडणार नाही असा पैसा किती आहे. आणि दुसरा, ही मालमत्ता किती वर्षे ठेवण्याचा विचार आहे. खरेदीच्या वेळी शुल्के, दलाली आणि वकिलाची फी जाते, विकताना पुन्हा दलाली व कर जातात. हा दुहेरी खर्च भरून निघायला वेळ लागतो. दोन-तीन वर्षांत पैसे परत लागण्याची शक्यता असेल, तर हा मार्ग आपल्यासाठी नाही असे समजून इथेच थांबणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी पायरी : कर्ज बाजूला ठेवून मालमत्तेचा हिशेब

पुढच्या सगळ्या विवेचनासाठी एकच उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत आणि चलन कोणतेही धरले तरी चालेल. एका जागेची किंमत १०० लाख आहे, आणि शुल्के, दलाली, वकील व ताबा घेतल्यावरची सुरुवातीची दुरुस्ती मिळून आणखी ८ लाख खर्च येणार आहे. विक्रेता सांगतो की जागेला दरमहा ६० हजार भाडे येते, म्हणजे वर्षाला ७.२ लाख, १०० लाखांवर ७.२ टक्के परतावा. दलालाच्या तोंडी हाच आकडा असतो आणि तो खोटाही नसतो, पण घेणाऱ्याच्या हाती पडणारा आकडा वेगळा असतो.

भाडेकरू बदलताना जागा रिकामी राहते, रंग द्यावा लागतो, नवा भाडेकरू शोधण्याचे पैसे द्यावे लागतात. वर्षातला सरासरी एक महिना रिकामा धरला तर ७.२ लाखांचे ६.६ लाख झाले. त्यातून मालमत्ता कर, विमा, सामाईक देखभालीची वर्गणी, किरकोळ दुरुस्त्या आणि व्यवस्था पाहणाऱ्याचा मोबदला असे मिळून दीड लाख वजा केले की ५.१ लाख उरतात. हा निव्वळ उत्पन्नाचा आकडा. आता त्याला १०० ने नव्हे, प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या १०८ लाखांनी भागायचे. उत्तर येते ४.७ टक्के.

७.२ पासून ४.७ पर्यंतची ही घसरण पाहून नवखा माणूस कधी कधी दचकतो आणि आपण फारच निराशावादी हिशेब केला असे त्याला वाटते. तसे नाही. उलट यात एक खर्च अजून धरलेलाच नाही, आणि तो म्हणजे दहा-पंधरा वर्षांतून एकदा येणारी मोठी दुरुस्ती : गच्चीचे जलरोधन, पाण्याच्या नळ्या, विजेचे जुने वायरिंग, लिफ्ट. हे खर्च रोजच्या हिशेबात दिसत नाहीत, मात्र येतात तेव्हा वर्षभराचे भाडे खाऊन टाकतात. इमारत जुनी असेल तर यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम काढून ठेवणे आणि ती निव्वळ उत्पन्नातून आधीच वजा धरणे योग्य.

भाड्याचा आकडाही विक्रेत्याच्या शब्दावर घेऊ नये. चालू भाडेकरार मागून पाहावा, शक्य असल्यास बँकेत भाडे जमा झाल्याच्या नोंदी पाहाव्यात आणि त्याच भागातल्या तशाच तीन-चार जागांना प्रत्यक्षात काय भाडे मिळते याची चौकशी करावी. जाहिरातीत लिहिलेले भाडे ही मालकाची अपेक्षा असते. करारावर सही होते तो आकडा बऱ्याचदा त्याहून कमी असतो. विक्रीपूर्वी चढे भाडे दाखवण्यासाठी एखाद्या ओळखीच्या माणसाशी करार केलेला असतो, असेही घडते. तो माणूस खरेदीनंतर दोन महिन्यांत जागा सोडतो आणि नवा भाडेकरू वेगळ्याच दराची बोली करतो.

तिसरी पायरी : आता कर्ज आणा

समजा बँक ७० लाख द्यायला तयार आहे, ९ टक्के दराने, २० वर्षांसाठी. मग स्वतःचे ३८ लाख घालावे लागतील. या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ६३ हजार येतो, म्हणजे वर्षाला ७.५६ लाख. मालमत्तेचे निव्वळ उत्पन्न मात्र ५.१ लाखच आहे. दरवर्षी जवळपास अडीच लाख, म्हणजे महिन्याला वीस हजारांहून थोडे अधिक, आपल्या खिशातून घालावे लागणार.

इथे दोन तुलना वेगवेगळ्या कराव्या लागतात, आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली तुलना व्याजदराची आणि निव्वळ परताव्याची. मालमत्ता ४.७ टक्के मिळवून देते आणि कर्ज ९ टक्के मागते. याचा अर्थ उसन्या घेतलेल्या प्रत्येक शंभरावर वर्षाला चार रुपयांहून अधिक तोटा होतो, आणि तो तोटा किंमतवाढीतून भरून निघेल अशी आशा ठेवावी लागते. अशा स्थितीत कर्ज जितके जास्त तितका स्वतःच्या पैशावरचा चालू परतावा खालावतो. पूर्ण रोखीने घेतल्यास ४.७ टक्के मिळणारी हीच जागा ७० लाखांच्या कर्जावर घेतली, की स्वतःचे ३८ लाख अडकवूनही दरमहा भर घालावी लागते. कर्जाने परतावा वाढतो हे विधान सरसकट खरे नाही. मालमत्तेचा निव्वळ परतावा व्याजदरापेक्षा जास्त असेल तेव्हाच ते खरे असते.

दुसरी तुलना हप्त्याच्या वार्षिक भाराची आणि निव्वळ परताव्याची. हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलही असते. ९ टक्के आणि २० वर्षे या अटींवर दर १०० कर्जामागे वर्षाला सुमारे १०.८ फेडावे लागतात. मुद्दलाचा भाग हा खर्च नव्हे, ती आपलीच मालकी वाढत असते. तरीही तो पैसा रोखीने द्यावाच लागतो. म्हणून पहिली तुलना नफ्यातोट्याबद्दल सांगते आणि दुसरी तुलना हप्ता वेळेवर जाईल की नाही याबद्दल. दर ४ टक्के आणि मुदत २५ वर्षे असती तर वार्षिक भार ६.३ टक्के झाला असता. ४.७ टक्के परतावा देणाऱ्या आपल्या जागेला तो कर्ज-व्यवहार नफ्याच्या दृष्टीने परवडला असता, आणि तरी कर्जाचा वाटा मोठा असता तर रोखीची ओढाताण झालीच असती. नफ्यात चाललेला व्यवहारही रोख संपल्याने बुडू शकतो, ही गोष्ट व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. जमीनजुमल्यात ती तेवढीच लागू पडते.

आता प्रश्न उलटा विचारून पाहावा : ही जागा स्वतःच्या उत्पन्नावर किती कर्ज पेलेल? व्यावसायिक मालमत्तांना कर्ज देणाऱ्या संस्था साधारणतः निव्वळ उत्पन्न हे वार्षिक हप्त्यांच्या १.२ ते १.२५ पट असावे अशी अपेक्षा ठेवतात. राहत्या स्वरूपाच्या जागेलाही हाच नियम आपण स्वतःहून लावावा. ५.१ लाखांना १.२ ने भागले की ४.२५ लाख येतात, म्हणजे महिन्याला सुमारे ३५ हजार. आणि तेवढ्या हप्त्यात ९ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी साधारण ३९ लाखांचे कर्ज बसते. बँक ७० लाख देत होती, जागा ३९ लाख पेलते. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे आपल्या पगाराने दिलेली हमी, आणि ती हमी आपण पुढची वीस वर्षे देऊ शकू का, हे खऱ्या अर्थाने ठरवायचे असते.

ती हमी देऊच नये असे इथे म्हणणे नाही. नोकरी स्थिर आहे, इतर बचत पुरेशी आहे आणि त्या भागाविषयी ठोस माहिती आहे अशी व्यक्ती विचारपूर्वक दरमहा वीस हजार घालू शकते. मात्र ते पैसे आपण गुंतवणुकीत दर महिन्याला नव्याने टाकत आहोत, याची नोंद तिने ठेवली पाहिजे.

चौथी पायरी : दर वाढला तर

बदलत्या दराचे कर्ज घेणाऱ्याने आजचा हप्ता पाहून निर्णय घेऊ नये. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ मध्ये शून्याच्या आसपास असलेला आपला दर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांच्या पट्ट्यात नेला, आणि जगातल्या अनेक मध्यवर्ती बँकांनी त्याच काळात दर चढवले. दीड वर्षाच्या आत पाच टक्क्यांची वाढ होऊ शकते, हे आपल्या समोर घडलेले आहे.

आपल्या उदाहरणात दर ९ वरून ११ टक्के झाला तर हप्ता ६३ हजारांवरून ७२ हजारांच्या वर जातो. पुष्कळ बँका अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवून देतात, आणि कर्जदाराला वाटते की आपले काही बिघडले नाही. इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. हप्ता तोच ठेवून दर १० टक्के केला, तर २० वर्षांचे कर्ज २६ वर्षांहून लांबते. दर ११ टक्के झाला, तर ७० लाखांवरचे महिन्याचे व्याजच ६४ हजारांवर जाते आणि ६३ हजारांचा हप्ता ते व्याजसुद्धा पूर्ण फेडत नाही. म्हणजे दर महिन्याला हप्ता भरूनही कर्ज वाढत राहते. म्हणून दर बदलल्याचे पत्र आले की उरलेले मुद्दल आणि उरलेली मुदत हे दोन्ही आकडे लगेच मागून घ्यावेत, आणि झेपत असेल तर मुदत वाढवण्याऐवजी हप्ता वाढवून घ्यावा.

घेण्यापूर्वीची कसोटी साधी आहे. दर आजच्यापेक्षा ३ टक्क्यांनी जास्त, जागा सलग चार महिने रिकामी आणि त्याच वर्षी एक मोठी दुरुस्ती, अशी तिन्ही संकटे एकत्र धरून हिशेब मांडावा आणि ते वर्ष आपण काही न विकता काढू शकतो का, ते पाहावे. ही संकटे एकत्र येणे अतिशयोक्त वाटेल, पण मंदीच्या काळात नोकऱ्या जातात, भाडेकरू जागा सोडतात आणि बँका हात आखडता घेतात. ही तीनही एकाच कारणाची फळे असतात, त्यामुळे ती एकदमच येतात.

पाचवी पायरी : किंमतवाढीच्या आशेला आकडा द्या

भाड्यातून हप्ता निघत नाही, पण किंमत वाढेल, असे उत्तर सर्रास ऐकायला मिळते. वाढेलही. मात्र किती वाढली म्हणजे आपले पैसे सुटतील, हे आधी काढून ठेवावे.

उदाहरणातली जागा पाच वर्षांनी विकायची आहे आणि भाडे व खर्च तेवढेच राहिले असे धरू. पाच वर्षांनी ७० लाखांपैकी सुमारे ६२ लाख कर्ज अजून बाकी असते, कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो. स्वतःचे सुरुवातीचे ३८ लाख आणि पाच वर्षांत घातलेले सव्वाबारा लाख मिळून ५० लाखांच्या थोडे वर झाले. विक्रीचा खर्च ३ टक्के धरला, तर केवळ आपण घातलेले पैसे जसेच्या तसे परत मिळण्यासाठी जागा सुमारे ११६ लाखांना विकली गेली पाहिजे, म्हणजे किंमत दरसाल सुमारे ३ टक्क्यांनी वाढली पाहिजे. तेच पैसे इतरत्र सुरक्षित ठेवून ६ टक्के मिळाले असते असे मानले, तर त्याच्याशी बरोबरी करायलाच जवळपास १३१ लाख, म्हणजे दरसाल साडेपाच टक्के वाढ लागते. त्यापुढे जे मिळेल ती या खटाटोपाची, जोखमीची आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या भाडेकरूच्या फोनची खरी मिळकत. विक्रीवरचा कर यात धरलेला नाही.

कर्जामुळे वाढ आणि घट दोन्ही फुगतात. किंमत १० लाखांनी वाढली तर ३८ लाखांवर ती सव्वीस टक्के दिसते. तेवढीच घसरली तर स्वतःच्या भांडवलाचा चौथा हिस्सा नाहीसा होतो. घसरण ही केवळ पुस्तकी शक्यता नाही. जपानमधल्या शहरी जमिनींचे भाव १९९१ च्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ उतरत राहिले. त्या शिखरावर कर्ज काढून खरेदी करणाऱ्यांनीही ‘जमीन कधी उतरत नाही’ हेच ऐकलेले होते.

सहावी पायरी : कर्जाचा प्रकार आणि करारातली बारीक कलमे

स्थिर दरात हप्ता ठरलेला असतो आणि त्या निश्चिंतीची किंमत म्हणून दर बहुधा थोडा जास्त असतो. बदलत्या दरात धोका आपल्याकडे असतो. भाडे करारापुरते बांधलेले असल्याने, ज्याच्याकडे दरवाढ सोसण्याइतकी जादा रोकड नाही त्याने स्थिर दराला झुकते माप द्यावे, असे माझे मत आहे. मात्र ‘स्थिर’ म्हणजे किती वर्षे स्थिर, हे विचारले पाहिजे. कॅनडात कर्जाची परतफेड पंचवीस वर्षांत मोजतात, पण कराराची मुदत बहुधा पाच वर्षांची असते आणि त्यानंतर त्या वेळच्या दराने नवा करार करावा लागतो. अनेक देशांत सुरुवातीची दोन-तीन वर्षे दर स्थिर राहून पुढे तो आपोआप बदलता होतो.

अमेरिकेत २००८ च्या संकटापूर्वी कमकुवत पतीच्या कर्जदारांना दिलेल्या पुष्कळशा कर्जांची हीच रचना होती : पहिली दोन वर्षे दर स्थिर, उरलेली अठ्ठावीस वर्षे बदलता. दोन वर्षांनी नवे कर्ज घेऊन जुने फेडता येईल, असे गृहीत धरले गेले. घरांच्या किमती उतरल्यावर तारणाची किंमत कर्जापेक्षा कमी झाली आणि नवे कर्ज द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा ‘पुढे दुसऱ्या बँकेत कर्ज फिरवू’ या वाक्यावर ज्या योजनेचा डोलारा उभा आहे, ती योजना सोडून द्यावी. हीच सावधगिरी केवळ व्याज भरण्याच्या कर्जाला आणि मुदतीअखेर मोठी रक्कम एकदम फेडण्याच्या कर्जाला लागू होते. त्यांत मासिक भार हलका दिसतो, पण मुद्दल जागच्या जागी उभे असते.

मिळकत एका चलनात आणि कर्ज दुसऱ्या चलनात, अशी रचनाही टाळावी. पोलंडमध्ये बऱ्याच कुटुंबांनी कमी व्याजाच्या ओढीने स्विस फ्रँकमध्ये घरकर्जे घेतली होती. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोमागे १.२० फ्रँक ही आपली मर्यादा अचानक सोडली, फ्रँक एकाएकी महागला, आणि व्याजदर वाढला नसतानाही या लोकांचा हप्ता व बाकी मुद्दल आपल्या चलनात फुगले.

मुदतीबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ७० लाखांचे तेच कर्ज २० ऐवजी १५ वर्षांत फेडले, तर हप्ता ६३ हजारांऐवजी ७१ हजार होतो, आणि एकूण व्याज ८१ लाखांऐवजी ५८ लाखांच्या आत येते. तरीही नवख्याने हप्ता ताणून लहान मुदत घेण्यापेक्षा लांब मुदत घेऊन, दंडाशिवाय मधूनमधून जादा रक्कम भरण्याची सोय मिळवणे जास्त सुरक्षित, कारण वाईट वर्षी जादा भरणा थांबवता येतो. करारात लिहिलेला हप्ता थांबवता येत नाही. ही सोय खरोखर आहे का, मुदतपूर्व फेडीवर किती आकार आहे, दर कोणत्या सार्वजनिक दराला बांधलेला आहे आणि तो किती काळाने बदलतो, हे लेखी घ्यावे. आपले राहते घर जोड-तारण म्हणून मागितले गेले, तर माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. गुंतवणूक फसली तर गुंतवणूक जावी. डोक्यावरचे छप्पर त्यात ओढले जाऊ नये.

सातवी पायरी : कागद आणि भिंती

आकडे जुळले तरी मालकी स्वच्छ नसेल तर सगळा हिशेब व्यर्थ आहे. मालकी हक्काची साखळी, जागेवरचा बोजा, थकलेले कर व वर्गण्या, बांधकामाची मंजुरी आणि वापराची परवानगी हे सारे स्वतः नेमलेल्या वकिलाकडून तपासून घ्यावे. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला वकील नको. बँक कर्ज देते आहे म्हणजे कागद ठीक असणार, असे मानू नये, कारण बँकेची तपासणी तिच्या कर्जापुरती असते. जागेत आधीच भाडेकरू असेल तर त्याचे हक्क, त्याची अनामत रक्कम आणि जागा रिकामी करून घेण्याची कायदेशीर पद्धत आधीच समजून घ्यावी.

जागा दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाहावी, आणि जमल्यास पावसात. ओल, भिंतीतल्या तिरक्या भेगा, नळाचा दाब आणि कागदावरचे क्षेत्रफळ व प्रत्यक्ष मोजमाप यांतला फरक हे सहज तपासता येते. जुन्या इमारतीसाठी अभियंत्याला फी देऊन अहवाल घ्यावा. किमतीच्या मानाने ती फी नगण्य असते आणि तोच अहवाल घासाघीस करताना कामी येतो. बांधकाम चालू असलेली जागा घेताना भाडे शून्य आणि व्याज मात्र सुरू, असा काळ किती लांबू शकतो हे धरून चालावे. सांगितलेल्या तारखेत एक-दोन वर्षे मिळवून हिशेब केला तर नंतर पस्तावावे लागत नाही.

बँकेचा मूल्यांकनकर्ता जागेची किंमत ठरलेल्या किमतीपेक्षा कमी लावू शकतो. तसे झाले तर कर्जही कमी मंजूर होते आणि फरक आपल्याला रोखीने भरावा लागतो. म्हणून कर्ज ठरावीक रकमेपर्यंत मंजूर न झाल्यास विसार परत मिळेल, हे कलम खरेदीच्या प्राथमिक करारात असावे.

आठवी पायरी : गंगाजळी आणि अखेरची बोली

खरेदी पूर्ण झाल्यावर निदान सहा महिन्यांचे हप्ते आणि जागेचे सहा महिन्यांचे चालू खर्च वेगळ्या खात्यात असले पाहिजेत. शेवटचा पैसा शुल्कांत घालून जागा घेणारा माणूस पहिल्याच रिकाम्या महिन्यात क्रेडिट कार्डाकडे वळतो, आणि तिथला दर कोणत्याही घरकर्जापेक्षा कितीतरी चढा असतो.

आता बोलीची रक्कम. ती विक्रेत्याच्या मागणीतून थोडे वजा करून काढायची नसते. आपल्या निव्वळ उत्पन्नातून उलट मोजत यायचे असते. समजा आपल्याला निव्वळ ६ टक्के तरी हवेत. ५.१ लाखांना ०.०६ ने भागले की ८५ लाख येतात. हा खरेदी खर्चासह एकूण आकडा आहे. खर्च किमतीच्या ८ टक्के धरला, तर जागेसाठी आपण जास्तीत जास्त ७८ ते ७९ लाख देऊ शकतो. हा आकडा विक्रेत्याला भेटण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावा, कारण समोरासमोर बसल्यावर आणि ‘दुसरा ग्राहक उद्या येतो आहे’ हे ऐकल्यावर तो डोक्यात टिकत नाही. विक्रेता ९५ लाखांच्या खाली येत नसेल तर नम्रपणे नकार द्यावा, आपला आकडा व फोन क्रमांक त्याच्याकडे ठेवावा आणि पुढची जागा पाहायला जावे. चार-सहा महिन्यांनी तीच जागा अजून विकायची राहिली असेल, तर भाडे आणि दर दोन्ही पुन्हा तपासून, नव्याने काढलेला आकडा घेऊन त्याला पुन्हा फोन करावा.